पाण्यात पडल्यावर

शुद्ध पाण्यातून वीज नाममात्रच वाहते. हायड्रोजन क्लोराइड वायू थंड करून त्याचा शुद्ध द्रव केला, तर त्याचीही तीच तऱ्हा. पण तोच वायू पाण्यात विरघळवा; जे हायड्रोक्लोरिक आम्ल होते त्यातून वीज सुखेनैव धावते! दोन मुके भेटावेत आणि गप्पांना ऊत यावा, तसे हे.

१८८४ साली स्वीडनमधील उप्साला विद्यापीठात स्वान्टे आऱ्हेनियस या पंचवीस वर्षांच्या तरुणाने द्रावणांच्या वीजवहनावर प्रबंध लिहिला. परीक्षकांनी त्याला चौथा वर्ग दिला. म्हणजे अध्यापकीची वाट जवळजवळ बंदच. सुदैवाने रीगाहून विल्हेल्म ओस्टवाल्ट खास त्याला भेटावयास आला नि त्याने आपल्याकडे जागा देऊ केली, तेव्हा कुठे उप्सालाकरांचे डोळे उघडले.

१८८७ साली आऱ्हेनियसने स्पष्टच सांगितले की, पाण्यात पडताच, वीज सोडण्यापूर्वीच, आम्लांचे व क्षारांचे रेणू फुटून विद्युत्‌भारित आयन होतात. तितक्याच रेणूंच्या साखरेपेक्षा मीठ पाण्याचा गोठणबिंदू सुमारे दुप्पट खाली का ओढते, याचाही उलगडा त्यातच झाला. १९०३ चे नोबेल पारितोषिक त्याला मिळाले ते याच सिद्धांतासाठी.

वितळलेले मीठ शुद्ध द्रव असूनही वीज वाहते, हे खरे; पण त्याला ८०१ अंश सेल्सिअसची आच लागते. पाणी तेच काम घरच्या तांब्यात करते.