तळटीप : आढळराव
* आढळराव : शिवाजीराव आढळराव पाटील. आंबेगाव तालुक्यातील लांडेवाडीचे. मूळ आंबेगाव डिंभे धरणाच्या पाण्याखाली गेले. तालुक्याची कचेरी मात्र घोडेगावलाच आहे. कागदपत्रांत आंबेगाव आणि घोडेगाव ही दोन नावे शेजारी येतात, तेव्हा वाचकाने गोंधळू नये.

राजकारणाआधीची त्यांची ओळख उद्योजकाची. त्यांच्या ‘डायनालॉग’ कंपनीचे काम औद्योगिक संगणकांचे. असा संगणक टेबलावरचा नव्हे. कारखान्यातील धूळ, उष्णता आणि हादरे सोसत यंत्रांवर अखंड नजर ठेवणारा. शेती, ऊस आणि सहकारातून नेते घडवणाऱ्या या पट्ट्यात ही पार्श्वभूमी दुर्मीळच, म्हणून तिची नोंद येथे सविस्तर घेतली आहे.

२००४ मध्ये राष्ट्रवादी काँग्रेस सोडून ते शिवसेनेत, म्हणजे मराठी अस्मितेवर उभ्या राहिलेल्या पक्षात गेले आणि खेडमधून लोकसभेवर निवडून आले. मतदारसंघांच्या पुनर्रचनेत खेड संपून शिरूर आला. तेथून ते २००९ व २०१४ मध्ये जिंकले. घोडेगावपासून भोसरी-हडपसरपर्यंत, म्हणजे आदिवासी पाड्यांपासून कारखान्यांच्या वसाहतींपर्यंत पसरलेला हा मतदारसंघ सलग राखणे सोपे नव्हते, असे प्रस्तुत संपादकाचे मत आहे. २०१९ मध्ये अभिनेते अमोल कोल्हे यांनी त्यांचा पराभव केला. शिवसेना फुटल्यावर ते एकनाथ शिंदे यांच्याबरोबर राहिले. २०२४ मध्ये अजित पवारांच्या राष्ट्रवादीतर्फे लढले, पण पुन्हा कोल्हेच निवडून आले. मूळ मजकुरातील ‘आपले खासदार’ हा उल्लेख २००४ ते २०१९ या काळातला समजावा.