भांड्याचा हेतू

तंजावरहून पट्टुकोट्टैकडे जाणाऱ्या रस्त्यावर ओरत्तनाडु लागतं. दुसऱ्या सरफोजीराजांनी 1802 मध्ये इथं मुक्तांबाळेच्या नावानं छत्र उभारलं. मुक्तांबाळ ही राजांची प्रिय स्त्री, पण लग्नाची राणी नव्हे, असं परंपरा सांगते. 1799च्या तहानं राज्याचा कारभार इंग्रज कंपनीकडे गेला होता. राजांकडे किल्ला, तनखा आणि मानमरातब उरला. छत्रं मात्र आपल्याच हाती राहावीत म्हणून त्यांनी 1801 मध्ये कंपनीच्या रेसिडेंटाला पत्र लिहिलं होतं. छत्रांत ब्राह्मणापासून पराया जातीपर्यंत सर्व वाटसरूंना अन्न मिळतं, मध्यरात्री घंटा वाजवून कोणी उपाशी राहिलंय का हे विचारलं जातं, असं त्यात त्यांनी सांगितलं आहे. त्याच पत्रात आणखी एक तपशील येतो: ज्यांना शिजवलेला भात नको असे, त्यांना कोरा तांदूळ आणि मसाला दिला जाई.

त्या शिध्याचं कारण पत्र सांगत नाही, पण वाचणाऱ्याला ते कळतं. भात तोच, तांदूळ तोच. कोणाच्या हातानं आणि कोणाच्या भांड्यात शिजला, एवढाच फरक. आपल्याकडे भांडं ही नुसती वस्तू कधीच नव्हती.

मी तंजावरला गेले होते ती तमिळमधून मराठीत चाललेल्या एका भाषांतरासाठी. सोबत दुसरंही एक काम होतं. घरच्या घरी बिअर तयार करणाऱ्यांसाठी स्टेनलेस स्टीलचा फर्मेंटर कसा बनवावा, याचं एक इंग्रजी टिपण मराठीत आणायचं होतं. यंत्र सोपं आहे. वीस-तीस लिटरचं स्टीलचं पातेलं किंवा दुधाचा कॅन घ्यायचा. तळापासून दोन बोटं वर भोक पाडून, दोन्ही बाजूंना सिलिकॉनचे वॉशर घालून तोटी बसवायची. गाळ तोटीच्या खाली राहतो आणि वरचं नितळ तेवढं बाहेर येतं. झाकणाला रबरी कडं हवं. झाकणातून एक नळी काढून तिचं टोक पाण्यात बुडवायचं, कारण साखर आंबताना तिच्या वजनाचा जवळजवळ निम्मा भाग कार्बन डायऑक्साइड होऊन निघून जातो. वायू बाहेर पडला पाहिजे, बाहेरची हवा मात्र आत येता कामा नये. एवढंच.

अडलं ते शब्दापाशी. ‘किण्वनपात्र’ हा शब्द पाठ्यपुस्तकात शोभतो, पण भांड्यांच्या दुकानात जाऊन तो म्हणून दाखवा. आपल्याकडे आंबवणं हजारो वर्षं चाललेलं असताना ते ज्यात चालतं त्या भांड्याला सर्वांचं असं एकच नाव का नाही? शोधू लागले तेव्हा लक्षात आलं की नाव नाही, कारण भांडं एक असलं तरी घरं वेगवेगळी होती.

पहिलं घर वैद्याचं. आसव-अरिष्टांची रीत आयुर्वेदाच्या ग्रंथांत नीट सांगितली आहे. मातीचं भांडं आतून तुपानं माखायचं, त्याला धुरी द्यायची. काढ्यात गूळ किंवा मध घालून धायटीची फुलं टाकायची. झाकणाची फट माती लावलेल्या कापडानं बंद करायची आणि भांडं धान्याच्या राशीत पुरून ठेवायचं. तुपामुळे मातीची छिद्रं बुजतात, फुलांबरोबर यीस्ट येतं, धान्यामुळे तापमान फारसं हलत नाही. इंग्रजी टिपणातली जवळजवळ प्रत्येक पायरी इथं आधीच आहे. दशमूलारिष्टात आपोआप तयार झालेलं अल्कोहोल असतं, साधारण 5 ते 10 टक्के, म्हणजे नेहमीच्या बिअरपेक्षा कमी नाहीच. तरी बाटली औषधांच्या दुकानात उघडपणे मिळते. सरफोजीराजांनी तंजावरात धन्वंतरी महाल उभारून वैद्यकाला राजाश्रय दिला. त्या परंपरेत आंबवणं ही विद्या होती.

दुसरं घर ताडाखालचं. तमिळ मुलखात ताडावर चढणारा माणूस पोगरीखाली मडकं बांधतो. मडक्याला आतून चुना फासला तर रस गोड राहतो. ते पदनीर, आपली नीरा. चुना नसेल तर काही तासांत रस फसफसतो. ती ‘कळ्ळु’, आपली ताडी. झाड तेच, माणूस तोच, मडकं तेच. नीरा आणि ताडी यांच्यामध्ये चुन्याचा फक्त एक हात असतो, आणि कायदेशीर-बेकायदेशीर यांच्यामध्येही तेवढाच.

तिसरं घर आपलं सगळ्यांचं. रात्री भिजवलेलं इडलीचं पीठ सकाळी वर येतं, उरलेल्या भातात पाणी घातलं की तो रात्रीत आंबतो, दह्याला विरजण लागतं. या भांड्यांकडे कोणी कधी संशयानं पाहिलं नाही.

धातूचा इतिहास या तिन्ही घरांतून जातो. आंबट पदार्थ आणि पितळ यांचं जमत नाही, म्हणून कल्हई आली. तमिळ घरांत रसम् करायला कथलाचा ‘ईय चोंबु’ असतो, तोही याच कारणानं. 1913 मध्ये शेफील्डला हॅरी ब्रिअर्ली बंदुकीच्या नळ्या झिजू नयेत म्हणून मिश्रधातू शोधत होता, आणि त्याच्या हाती न गंजणारं पोलाद लागलं. त्यातल्या क्रोमियमचा हवेशी संयोग होऊन पृष्ठभागावर अतिशय पातळ थर बसतो आणि ओरखडा पडला तरी तो पुन्हा धरतो. 18 टक्के क्रोमियम आणि 8 टक्के निकेल असलेलं 304 जातीचं पोलाद आंबट द्रवाला चांगलं टिकतं. मातीच्या छिद्रांत मात्र मागच्या खेपेचं यीस्ट शिल्लक राहतं, म्हणून जुनं मडकं नव्या रसाला लवकर कामाला लावतं. स्टील धुतलं की कोरं होतं. त्यात प्रत्येक खेपेला यीस्ट विकत आणून घालावं लागतं. सोय वाढली, पण भांड्याची आठवण गेली.

ओरत्तनाडुच्या बाजारात एका भांड्यांच्या दुकानात तोटी लावलेले पिण्याच्या पाण्याचे स्टीलचे पिंप मांडलेले होते. तीन-चतुर्थांश फर्मेंटर तयारच होता. मी दुकानदाराला विचारलं, याला रबरी कड्याचं घट्ट झाकण मिळेल का? ते हसून म्हणाले, ‘‘पाण्याला एवढं घट्ट झाकण कशाला, अम्मा? पाणी काय पळून जातंय?’’

कायदाही हेच विचारतो. मद्रास प्रांतात राजाजींच्या सरकारनं 1 ऑक्टोबर 1937 रोजी सेलम जिल्ह्यापासून दारूबंदी सुरू केली. त्याच सेलममध्ये पुढे 1980च्या दशकात सरकारी कारखान्यातून स्टेनलेस स्टीलचे पत्रे निघू लागले. 1937च्या त्या कायद्यानुसार दारू गाळणं हा गुन्हा आहेच, पण त्यासाठी भांडी, साधनं, सामग्री बाळगणं हाही गुन्हा आहे. आपल्याकडच्या 1949च्या मुंबई दारूबंदी कायद्यातही असंच कलम आहे. भांडं गुन्हेगार ठरतं ते त्याच्यामागच्या हेतूमुळे. आणि हेतू दिसत नसतो. तो माणसाकडे पाहून ठरवला जातो.

इथं छत्रातला कोरा शिधा पुन्हा आठवतो. आंबवण्याचं रसायन सगळीकडे एकच आहे. वैद्याच्या भांड्याला परवाना मिळाला, गृहिणीच्या भांड्याला परवान्याची गरजच पडली नाही, ताडावर चढणाऱ्याच्या मडक्यावर मात्र तमिळनाडूत 1987पासून बंदी आहे. शेजारच्या केरळात ताडीची दुकानं उघडी आहेत. गोव्यात काजूचा रस आंबवून गाळलेल्या फेणीला 2009 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. तमिळनाडूत 2003पासून विदेशी पद्धतीच्या दारूची किरकोळ विक्री सरकारी महामंडळच करतं. म्हणजे राज्याचा आक्षेप अल्कोहोलला नाही. विश्वास कोणाच्या भांड्यावर ठेवायचा, एवढाच प्रश्न आहे.

जून 2024 मध्ये कळ्ळकुरिचीत विषारी दारूनं साठांहून अधिक माणसं गेली, बहुतेक हातावर पोट असलेली. त्यांना मारलं ते मिथेनॉलनं, आणि ते विष कुठल्याही मडक्यात आंबून तयार झालेलं नव्हतं. ताडी खुली असती तर हे टळलं असतं, असं मी म्हणत नाही. दारूनं मोडलेले संसार खरे आहेत आणि बंदी मागणाऱ्या बायकांचा राग त्यांतूनच आलेला आहे. पण ज्या कामात भांडं, हात आणि पिणारा एकमेकांना ओळखत होते, ते काम आपण गुन्ह्यात जमा केलं. जिथं कोणी कोणाला ओळखत नाही, तो धंदा मात्र बंदीखालीही चालूच राहिला.

टिपणाच्या भाषांतरात शेवटी मी ‘आंबवणीचं भांडं’ असं लिहिलं. शब्द साधा आहे, त्यात विज्ञानाचा दरारा नाही. पण तो वैद्याला चालेल, इडलीवालीला चालेल आणि ताडावर चढणाऱ्यालाही चालेल. निदान भाषेत तरी या तिघांना एकाच पंक्तीला बसता यावं.