वजिराबादचे पाणी

दिल्लीत नोकरीनिमित्त स्थायिक झालेल्या आम्हां मराठी मंडळींत यमुनेचा विषय निघाला, की बोलणे सहजच बुराडी घाटावर जाते. तेथे १७६० साली दत्ताजी शिंदे धारातीर्थी पडले. त्या घाटापासून जवळच असलेल्या वजिराबादची १९५५ सालची हकीकत मात्र क्वचितच कोणास ठाऊक असते. वस्तुतः रोगजंतूंच्या इतिहासात तिचे मोल फार मोठे आहे.

त्या वर्षी पावसाळा सरताना यमुनेस मोठा पूर आला. पूर ओसरल्यावर नदीचा प्रवाह पूर्वेकडे सरकला. दिल्लीस पाणी पुरविणारे केंद्र वजिराबादला, पश्चिम तीरावर. आणि त्याच्या किंचित खालीच नजफगढ नाला सांडपाणी घेऊन नदीस मिळतो. नोव्हेंबरात हे सांडपाणी उलट फिरून केंद्राच्या तोंडाशी आले. तेव्हा तुरटी व क्लोरीन यांची मात्रा वाढविण्यात आली.

हा उपाय अडाणीपणाचा खचित नव्हता. १८९२ साली हॅम्बुर्ग शहरात पटकीने हाहाकार माजविला असता, एल्ब नदीचेच पाणी वाळूतून गाळून पिणारे शेजारचे आल्टोना पुष्कळ अंशी बचावले होते. पाण्यातील जंतूंची गणना ही शुद्धतेची कसोटी अशा अनुभवांतून रूढ झाली. दिल्लीतही विषमज्वर, पटकी वा हगवण यांची साथ उसळली नाही. जंतूंपुरता उपाय सफळ झाला होता.

तथापि डिसेंबर उजाडला आणि घरोघर माणसे पिवळी पडू लागली. जानेवारी १९५६ अखेरपर्यंत सुमारे २९,३०० लोकांस कावीळ झाली. गर्भवती स्त्रियांना तर हा रोग विशेष घातक ठरला. डॉ. विश्वनाथन यांनी या साथीचा कसून अभ्यास केला. जंतू मेले होते. त्यांहून कितीतरी सूक्ष्म असा विषाणू मात्र क्लोरीनला पुरून उरला होता.

त्याची ओळख पटण्यास पाव शतक लागले. साथीतील रुग्णांचे जपून ठेवलेले रक्तद्रव तपासल्यावर ही कावीळ ‘अ’ किंवा ‘ब’ प्रकारची नाही, असे १९८० साली सिद्ध झाले. त्या कामात पुण्याच्या संशोधकांचाही वाटा होता. १९८३ साली बालायान या रशियन शास्त्रज्ञाने स्वतःवरच प्रयोग करून असाच एक विषाणू सूक्ष्मदर्शकाखाली दाखविला. त्यालाच पुढे ‘ई’ हे नाव मिळाले.

आम्ही पडलो कचेरीतली माणसे. तक्त्यात ज्याचा रकानाच नाही, ते तक्त्यात दिसत नाही, हे आम्हांस रोजच्या कामातून कळते. पाण्याच्या तक्त्यात जंतूंना रकाना होता, विषाणूला नव्हता. म्हणून पाणी शुद्ध करण्याइतकेच मैला पाण्यापर्यंत पोहोचू न देणे अगत्याचे, हा त्या साथीचा धडा होय. वजिराबादेस १९५९ साली बंधारा झाला. नजफगढ नाला मात्र आजही त्याच्या खालीच यमुनेस मिळतो.