दोष कुणाचा, भार कुणावर?

मंडळी, आज आपण दुखऱ्या खांद्याचा इतिहास बघणार आहोत. पण सुरुवात आपल्या परळहून करू. १९०२ साली तिथल्या हाफकिन यांच्या प्रयोगशाळेची प्लेगची लस पंजाबात मुलकोवालला टोचली गेली. एकाच बाटलीतून लस घेतलेली १९ माणसं धनुर्वाताने दगावली. ठपका हाफकिनवर आला. संसर्ग बाटली उघडताना गावातच झाला असणार, हे मान्य व्हायला १९०७ उजाडलं. म्हणजे प्रश्न जुनाच: इजा लसीने केली, की टोचणाऱ्या हाताने?

आता अमेरिकेत जाऊ. खटल्यांना कंटाळून कंपन्या लसी बनवणं सोडू लागल्या, तेव्हा १९८६ मध्ये तिथे कायदा झाला. लसीच्या प्रत्येक मात्रेवर, ती जितके आजार टाळते त्या प्रत्येकामागे ७५ सेंट कर. त्यातून भरपाईचा निधी. अर्जदाराने कुणाची चूक सिद्ध करायची गरजच नाही.

सुई दंडाच्या स्नायूत जायला हवी. ती फार वर गेली, तर सांध्याजवळच्या नाजूक पिशवीला सूज येते. महिनोन्‌महिने केस विंचरायलाही हात वर जात नाही. या योजनेच्याच डॉक्टरांनी २०१० मध्ये असे १३ दावे तपासून या दुखण्याला नाव दिलं. मार्च २०१७ मध्ये ते सरकारी तक्त्यात आलं: वेदना ४८ तासांच्या आत सुरू झाली आणि बाकीच्या अटी जुळल्या, तर कारण लसीकरणच असं धरून चालायचं. मात्र भरपाईसाठी त्रास साधारणपणे सहा महिन्यांहून जास्त टिकलेला हवा.

मग २०२० मध्ये सरकारच म्हणालं, हा दोष लसीचा नाही, टोचणाऱ्याचा आहे, तक्त्यातून काढा. जानेवारी २०२१ मध्ये तसा नियमही निघाला. नव्या सरकारने तो अमलात येण्याआधीच, एप्रिलमध्ये, मागे घेतला.

तर्क म्हणून सरकारचं म्हणणं चूक नव्हतं, बरं का. पण बघा, सुईशिवाय लस शरीरात जाते कुठे? आपण तत्त्वज्ञानात दोष आणि भार वेगळे करतो. दोष एखाद्या नर्सचा असेलही. पण दंड पुढे करा, असं सगळ्यांना सांगतो तो समाज. मग ज्याचा दंड कायमचा दुखला, त्याचा भार आपण सगळ्यांनी मिळून उचलायला नको का?