पातूरच्या पाटीचा निकाल आणि कायदा वाचण्याचा हक्क

पातूर नगरपरिषदेच्या पाटीवर मराठीच्या जोडीने उर्दूत नाव असावे की नसावे, हा वाद १५ एप्रिल २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयात संपला. न्यायमूर्ती सुधांशू धुलिया आणि न्यायमूर्ती के. विनोद चंद्रन यांनी उर्दू राहू दिली. या निकालावर भाषेच्या अंगाने पुष्कळ लिहिले गेले. मला त्यात आणखी एक गोष्ट महत्त्वाची वाटते. अकोल्याहून वाशीमकडे जाताना घाटाच्या पायथ्याशी लागणाऱ्या या गावातल्या कोणालाही हा निकाल मोबाइलवर, एक पैसाही न देता, अथपासून इतिपर्यंत वाचता येतो. वऱ्हाडात असे पूर्वी कधी घडत नव्हते. कायदा आणि निकाल लोकांना मोफत मिळणे याला आपण सोय म्हणतो. माझ्या मते ती कायदा बंधनकारक ठरण्याची अट आहे, आणि वऱ्हाडात ती फार उशिरा, तीही अर्धीच पुरी झाली आहे.

उशीर किती झाला हे समजायला १८५३ पर्यंत मागे जावे लागते. त्या वर्षी निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात दिले, पण मालकी निजामाचीच राहिली. त्यामुळे हा मुलूख कायद्याच्या दृष्टीने ब्रिटिश हिंदुस्थानाबाहेरचा ठरला. कलकत्त्यात मंजूर झालेला कायदा नागपुरात आपोआप लागू होई, अकोल्यात होत नसे. त्यासाठी वेगळी अधिसूचना काढावी लागे आणि तीत कलमे गाळलेली वा बदललेली असत. १९०२ च्या कायमच्या पट्ट्यानंतर १९०३ मध्ये वऱ्हाड मध्य प्रांताला जोडले गेले, तरी हे त्रांगडे सुटले नाही. १९४१ साली ‘बेरार लॉज अॅक्ट’ करून अनेक केंद्रीय कायदे एकदम वऱ्हाडाला लागू करावे लागले, यावरूनच आधीच्या गोंधळाची कल्पना यावी. जवळजवळ नव्वद वर्षे इथल्या वकिलाचा पहिला प्रश्न ‘कायदा काय म्हणतो’ हा नसून ‘हा कायदा आपल्याकडे आला आहे का’ हा असे. तेव्हा बाळापूर तालुक्यात असलेल्या पातूरच्या शेतकऱ्यापर्यंत तर कायदा पोचतच नसे. पोचत असे तो हुकूम. दवंडी पिटली जाई, चावडीवर कागद लागे, आणि जप्ती कोणाची, लिलाव कधी, एवढे त्याला कळे. हुकूम कोणत्या कलमाखाली आणि त्यावर दाद कुठे मागायची, हे दवंडीवाला सांगत नसे. १९०८ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेत स्थावर मिळकतीच्या जप्तीसाठी आदेश २१, नियम ५४ मध्ये ढोल वाजवून जाहीर करण्याची तरतूद आहे. जप्तीची खबर देण्याची काळजी कायद्याने घेतली. तो स्वतः लोकांच्या हाती पडावा यासाठी मात्र असा नियम केला नाही.

स्वातंत्र्यानंतर कायदे आपले झाले, पण सापडायला सोपे झाले नाहीत. ऑक्टोबर १९५६ पर्यंत पातूर मध्य प्रदेशात होते, नोव्हेंबरपासून मुंबई राज्यात गेले आणि १ मे १९६० ला महाराष्ट्रात आले. गाव जागचे हलले नाही, पण चार वर्षांत त्याने तीन राज्ये पाहिली. जमीन महसुलासाठी मध्य प्रदेशची १९५४ ची संहिता, कुळांसाठी मुंबई राज्याचा खास विदर्भापुरता १९५८ चा कायदा, आणि पुढे महाराष्ट्राची १९६६ ची जमीन महसूल संहिता. कोणत्या तारखेला कोणते पुस्तक उघडायचे, हे जाणणे हीच एक विद्या होती. ती जपली नागपूरच्या प्रकाशकांनी. व्ही. व्ही. चितळे यांनी १९२२ साली सुरू केलेला ‘ऑल इंडिया रिपोर्टर’ देशभरच्या न्यायालयांत प्रमाण मानला गेला. या कामाबद्दल मला मनापासून आदर आहे. पण त्याचे खंड विकत घ्यावे लागत, आणि ते वकिलांच्या कपाटात व बार रूममध्ये राहत. ज्याच्या जमिनीचा निकाल त्यात छापलेला असे, त्याच्या घरी तो खंड असण्याची शक्यता नव्हती.

अप्रकाशित कायद्याला सर्वोच्च न्यायालयाने नकार दिला तो १९५१ मध्ये, हरला विरुद्ध राजस्थान राज्य या खटल्यात. जयपूर संस्थानाच्या मंत्रिमंडळाने १९२३ साली अफूचा कायदा ठरावाने केला, पण तो प्रसिद्धच केला नाही. त्याखाली एका माणसाला ५० रुपये दंड झाला. न्यायमूर्ती व्हिव्हियन बोस यांनी तो रद्द केला: लोकांना कळण्याची वाटच नसलेल्या कायद्याने शिक्षा करणे हे नैसर्गिक न्यायाच्या विरुद्ध आहे. बोस त्याआधी नागपूर उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती होते. पुढे १९६५ मध्ये मेयर हान्स जॉर्ज याच्या सोन्याच्या खटल्यात न्यायालयाने राजपत्रातली प्रसिद्धी पुरेशी मानली. झुरिकहून मनिलाला निघालेल्या त्या प्रवाशाकडे मुंबईच्या विमानतळावर ३४ किलो सोने सापडले होते आणि संबंधित अधिसूचना राजपत्रात येऊन चारच दिवस झाले होते. दुसरा पर्याय नसताना राजपत्रावर भागवणे मला समजते. आज पर्याय आहे, तेव्हा राजपत्राच्या अंकात मजकूर आला एवढ्यावर सरकारने समाधान मानू नये.

हा पर्याय तयार व्हायला खासगी आणि सरकारी दोन्ही हात लागले. डिसेंबर २००७ मध्ये ईस्टर्न बुक कंपनी विरुद्ध मोडक या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की निकालाच्या मूळ मजकुरावर प्रकाशकाची मालकी नाही. त्याने स्वतः घातलेली भर, म्हणजे सारांश किंवा टिपा, तेवढी त्याची. जानेवारी २००८ मध्ये सुशांत सिन्हा यांनी ‘इंडियन कानून’ हे निकालांचे संकेतस्थळ मोफत सुरू केले. न्यायालयाने स्वतःच्या अधिकृत निकालांचा संग्रह ‘ई-एससीआर’ म्हणून लोकांना खुला केला तो २ जानेवारी २०२३ रोजी, सुमारे ३४ हजार निकालांसह. प्रजासत्ताक झाल्यापासून त्र्याहत्तर वर्षे जावी लागली.

अर्धे काय राहिले, ते पातूरच्याच खटल्यात दिसते. नगरपरिषदेने १४ फेब्रुवारी २०२० च्या ठरावात १९५६ पासूनच्या उर्दू वापराचा दाखला देऊन पाटीवरील उर्दूला एका माजी नगरसेविकेने घेतलेला आक्षेप फेटाळला. १५ डिसेंबर २०२० ला अकोल्याच्या जिल्हाधिकाऱ्यांनी तो आक्षेप मान्य केला, ३० एप्रिल २०२१ ला अमरावतीच्या विभागीय आयुक्तांनी तो आदेश रद्द केला, मग प्रकरण नागपूर खंडपीठात आणि दिल्लीत गेले. खालचे हे टप्पे आपल्याला समजतात ते सर्वोच्च न्यायालयाने ते निकालात नमूद केले म्हणून. पण बहुतेक वाद दिल्लीपर्यंत जात नाहीत. ते ठराव आणि आदेश यांवरच संपतात, आणि लोकांचा रोजचा संबंध याच कागदांशी येतो. शिवाय १९६५ च्या नगरपरिषद कायद्यातील कलम ३०८ खाली जिल्हाधिकाऱ्यांकडे कोण जाऊ शकतो, याकडेही न्यायालयाने लक्ष वेधले: दुरुस्तीनंतर तो मार्ग मुख्याधिकाऱ्याच्या कळवण्यातून जातो. म्हणजे मूळ कायदा हाती असणे पुरेसे नाही. दुरुस्त्या जागच्या जागी घातलेला आजचा मजकूर हवा.

यावर आक्षेप घेतले जातात. अर्धवट वाचून लोक भलतेच अर्थ काढतील, असे एक म्हणणे. पण अर्धवट ऐकीव माहितीवर लोक आजवर खटले लढत आलेच आहेत. मूळ मजकूर समोर असला की चूक निदान दाखवून देता येते, आणि चांगल्या वकिलाचे काम त्याने कमी होत नाही. खासगीपणाचा आक्षेप अधिक वजनाचा आहे. घटस्फोटाच्या किंवा अत्याचाराच्या खटल्यातली नावे शोधयंत्रावर वर्षानुवर्षे तरंगत राहणे हा अन्यायच आहे. त्यासाठी नावे झाकावीत. अत्याचारपीडितेची ओळख उघड करणे गुन्हा आहेच, तीच काळजी कौटुंबिक खटल्यांतही घ्यावी. निकालातला कायदा मात्र झाकू नये. तिसरा अडसर भाषेचा. अनुच्छेद ३४८ मुळे वरच्या न्यायालयांचे निकाल इंग्रजीत येतात आणि भाषांतर अधिकृत मजकुराची जागा घेऊ शकत नाही. तरीही ज्या गावाने मराठी आणि उर्दूच्या हक्कासाठी पाच वर्षे न्यायालयाची वाट पाहिली, त्याला हा निकाल या दोन्ही भाषांत, न्यायालयाच्याच संकेतस्थळावर, मूळ निकालाबरोबर मिळायला हवा.