जलतरण तलावातील धातूंचे डाग : आधी पाणी तपासा, मग प्लास्टर

प्रतिनिधी

उन्हाळ्याची सुट्टी जवळ आली की निवासी संकुलांतील जलतरण तलावांच्या साफसफाईला वेग येतो. पाणी उपसले जाते आणि पांढऱ्या प्लास्टरवरील तपकिरी, हिरवट किंवा काळपट डाग उघडे पडतात. बहुतेक ठिकाणी त्यावर एकच उपाय ठाऊक असतो. ठेकेदाराला बोलवायचे, ॲसिडने तळ घासून घ्यायचा आणि नवे पाणी भरायचे. तलाव काही दिवस लख्ख दिसतो. मात्र क्लोरिनची मात्रा सुरू झाल्यावर काही आठवड्यांतच डाग पुन्हा डोके वर काढतात. दरम्यान लाखभर लिटर पाणी वाया गेलेले असते आणि प्लास्टरचा एक थर कायमचा झिजलेला असतो.

याचे कारण असे की, डाग प्लास्टरवर दिसत असला तरी त्याचे मूळ बहुधा पाण्यात असते. पाण्यात विरघळलेला धातू कोणता आणि तो कोठून आला हे कळल्याखेरीज केलेली सफाई तात्पुरतीच ठरते.

डाग कसा तयार होतो?

तलावाचे प्लास्टर म्हणजे पांढरे सिमेंट आणि संगमरवराची भुकटी यांचा साधारण १० ते १२ मिलिमीटर जाडीचा थर. तो वरून गुळगुळीत दिसला तरी त्यात सूक्ष्म छिद्रे असतात, आणि त्यातील चुन्याच्या अंशामुळे त्याचा पृष्ठभाग अल्कधर्मी असतो. विरघळलेल्या अवस्थेतील लोह पाण्यात डोळ्यांना दिसत नाही. क्लोरिनशी संयोग झाला की त्याचे ऑक्सिडीकरण होते, म्हणजे सोप्या भाषेत ते गंजते. त्याचे न विरघळणारे बारीक कण बनतात आणि प्लास्टरच्या छिद्रांत बसतात. पाण्याचा सामू, म्हणजेच पीएच, वाढला तर ही क्रिया अधिक वेगाने होते. नवे पाणी भरून त्यात एकदम भरपूर क्लोरिन टाकल्यावर ते चहासारखे तांबूस झाल्याचा अनुभव अनेकांना येतो, तो यामुळेच. टाइल्स बसविलेल्या तलावांत हेच कण सांध्यांत साचतात.

यासाठी धातूचे प्रमाण फार मोठे असावे लागत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार पाण्यात लिटरमागे ०.३ मिलिग्रॅमहून अधिक लोह असल्यास कपड्यांवर व नळजोडण्यांवर डाग पडू लागतात. मँगॅनीजसाठी हा आकडा ०.१ मिलिग्रॅम, तर तांब्यासाठी १ मिलिग्रॅम आहे. तलावाच्या हिशेबात याचा अर्थ काय होतो तेही पाहावे. १५ मीटर लांब, ७ मीटर रुंद आणि सरासरी १.२ मीटर खोल तलावात सुमारे १ लाख २६ हजार लिटर पाणी मावते. त्यात लिटरमागे अर्धा मिलिग्रॅम लोह असेल, तर पहिल्याच भरणात ६३ ग्रॅम लोह तलावात येते. पुढे उन्हाने पाणी उडून जाते, पण धातू मागेच राहतो. तूट भरून काढणारे प्रत्येक पाणी त्यात नवी भर घालते.

धातू येतो कोठून?

पहिला मार्ग बोअरवेल व टँकरच्या पाण्याचा. कोकण आणि गोव्यातील जांभ्या दगडाला तांबडा रंग लोहाच्या ऑक्साइडमुळे येतो. अशा भागातील विहिरी व बोअरवेलचे पाणी तलावात सोडण्यापूर्वी लोहासाठी तपासणे अगत्याचे आहे. भंडारा व नागपूर जिल्ह्यांत मँगॅनीजच्या खाणी आहेत. तेथे मँगॅनीजचीही चाचणी करावी. टँकरचे पाणी दरवेळी वेगळ्या स्रोताचे असू शकते, त्यामुळे गेल्या वर्षीचा अहवाल यंदा उपयोगी पडेलच असे नाही.

दुसरा मार्ग नळ आणि यंत्रांचा. जुने जस्ती नळ व लोखंडी जोड गंजून पाण्यात लोह सोडतात. पाणी तापविण्याच्या यंत्रात तांब्याच्या नळ्या असतील आणि पाणी आम्लधर्मी झाले असेल, तर तांबे हळूहळू विरघळते. क्लोरिनच्या स्थिरीकृत गोळ्या तीव्र आम्लधर्मी असतात. पंपाच्या तोंडाशी असलेल्या स्किमरमध्ये त्या ठेवल्या, की पंप बंद असताना तेथे आम्लयुक्त पाणी साचते आणि पंप सुरू होताच ते थेट यंत्रात जाते.

तिसरा मार्ग आपणच खुला करतो. शेवाळ मारण्यासाठी तलावात मोरचूद टाकण्याची पद्धत आपल्याकडे जुनी आहे. मोरचूद म्हणजे तांब्याचे सल्फेट. शेवाळ मरते, पण तांबे पाण्यातच राहते. वारंवार मात्रा दिल्यास ते निळसर-हिरव्या डागांच्या रूपाने तळाशी उतरते. पोहणाऱ्यांच्या पांढऱ्या किंवा फिक्या केसांवर येणारी हिरवट झाकही क्लोरिनची नसून बहुधा याच तांब्याची असते.

चौथे कारण बांधकामातील आहे. सळई किंवा बांधणीची तार पृष्ठभागाच्या फार जवळ राहिली असेल, तर ती आतून गंजते आणि एकाच जागी गडद तपकिरी ठिपका उमटतो. तळाशी पडलेली केसांची पिन, खिळा किंवा ब्लेडही असाच ठिपका उमटवते. पण ती वस्तू उचलून डाग काढला की प्रश्न मिटतो. सळईचा ठिपका मात्र परत येतो.

ओळखण्याच्या घरगुती चाचण्या

रंगावरून पहिला अंदाज बांधता येतो. पिवळा, तांबूस किंवा तपकिरी डाग लोहाचा, निळसर-हिरवा तांब्याचा, तर जांभळट-काळा बहुधा मँगॅनीजचा असतो. तांब्याचे डागही कधी काळे दिसतात. शिवाय झाडांचा पाला तळाशी कुजला तर त्यातील टॅनिनमुळे गंजासारखाच तपकिरी डाग पडतो आणि काठावरच्या जांभळाच्या झाडाची फळे जांभळे डाग पाडतात. म्हणून केवळ रंगावर विसंबू नये.

* क जीवनसत्त्वाची साधी गोळी डागावर अर्धा मिनिट दाबून धरावी. डाग फिका पडला तर तो लोहाचा असण्याची दाट शक्यता असते. मँगॅनीजचा डागही याने कधी कधी उतरतो. म्हणून रंगाशी ताळा घ्यावा.
* गोळीने फरक पडला नाही, तर लिंबूसत्त्व म्हणजे सायट्रिक आम्ल मोज्यात किंवा फडक्यात बांधून डागावर ठेवावे. त्याने डाग हलला तर तांब्याचा संशय घ्यावा.
* डागावर थोडे क्लोरिन लावल्याने तो निघाला, तर तो पाला, फळे किंवा शेवाळाचा आहे. त्याला धातूचे उपचार नकोत.
* कशानेच फरक पडत नसेल आणि ठिपका जागा सोडत नसेल, तर सळईची शंका घेऊन स्थापत्य अभियंत्याला दाखवावे.

यासोबत तलावाचे पाणी आणि भरणाचे पाणी यांचे दोन वेगवेगळे नमुने प्रयोगशाळेत द्यावेत. दोन्हींत धातू असेल तर स्रोत बाहेरचा आहे. केवळ तलावाच्या पाण्यात असेल तर दोष नळ, यंत्र किंवा वापरलेल्या रसायनांत शोधावा.

तलाव रिकामा न करता उपचार

लोहाच्या डागांवर सर्वाधिक उपयोगी पडते ते ॲस्कॉर्बिक आम्ल, म्हणजेच क जीवनसत्त्व. ते गंजलेल्या लोहाला पुन्हा विरघळणाऱ्या रूपात आणते. सर्वसाधारण प्रमाण ३८ हजार लिटरला सुमारे ४५० ग्रॅम, म्हणजे वर उल्लेखिलेल्या तलावाला दीड किलो. उपचारापूर्वी पाण्यातील क्लोरिन जवळजवळ शून्यावर येऊ द्यावे, अन्यथा क्लोरिन आणि हे आम्ल परस्परांनाच संपवितात. या काळात तलाव पोहण्यासाठी पूर्णपणे बंद ठेवावा आणि शेवाळ वाढू नये म्हणून तांबेविरहित शेवाळनाशक वापरावे. पंप सुरू ठेवून आम्ल डागांच्या आसपास पसरावे. अर्ध्या तासापासून काही तासांत डाग फिके पडतात.

अनेकांची चूक होते ती यानंतर. डाग गेला तरी धातू गेलेला नसतो. तो पाण्यात परतलेला असतो. त्यामुळे लगेच धातूला बांधून ठेवणारे रसायन टाकावे लागते. बाजारात ते ‘सिक्वेस्टरिंग एजंट’ या नावाने मिळते. सामू घसरलेला असल्यास धुण्याचा सोडा थोडा थोडा घालून तो ७.२ च्या आसपास आणावा. क्लोरिन हळूहळू वाढवावे. एकदम मोठी मात्रा दिल्यास सारे डाग परत येतात. क्लोरिनची पातळी पूर्ववत झाल्याशिवाय पोहणे सुरू करू नये. बांधून ठेवणारे रसायन क्लोरिन व उन्हामुळे कालांतराने विघटित होते, म्हणून त्याची मात्रा वेष्टनावरील सूचनेनुसार पुन्हा पुन्हा द्यावी लागते. धातू कायमचा घालवायचा तर धातू शोषणारी गाळणी वापरणे किंवा थोडे थोडे पाणी बदलत जाणे, हेच मार्ग उरतात.

ॲसिडची धुलाई अखेरचा पर्याय

पातळ हायड्रोक्लोरिक आम्लाने धुतल्यावर प्लास्टर उजळते, कारण त्याचा वरचा थर विरघळून जातो. उरतो तो अधिक खरखरीत पृष्ठभाग, ज्यावर पुढचे डाग आणि शेवाळ अधिक सहज धरतात. त्यामुळे ही धुलाई दरवर्षीचा रिवाज होऊ नये.

तिचा दुसरा धोका कामगारांना आहे. आम्लाची वाफ खोल भागात साचते. मुखवटा, चष्मा, हातमोजे आणि गमबूट यांवाचून कोणालाही तलावात उतरवू नये. आम्ल नेहमी पाण्यात ओतावे, पाणी आम्लात नव्हे. आम्ल आणि क्लोरिनयुक्त द्रव्य किंवा ब्लीचिंग पावडर एकत्र आल्यास विषारी क्लोरिन वायू निघतो आणि तो प्राणघातक ठरू शकतो. ॲस्कॉर्बिक आम्लाची पूडही कोरड्या क्लोरिन भुकटीजवळ ठेवू नये. धुलाईचे पाणी सोड्याने निष्प्रभ केल्याखेरीज गटारात सोडू नये.

तिसरा धोका पावसाळ्यातील. भूजलाची पातळी वर आलेली असताना तलाव रिकामा केल्यास खालील पाण्याच्या दाबाने काँक्रीटचा संपूर्ण सांगाडा उचलला जाऊ शकतो किंवा त्याला तडे जाऊ शकतात. पाणी उपसायचेच असेल तर अभियंत्याचा सल्ला घेऊन कोरड्या ऋतूत उपसावे.

डाग पुन्हा पडू नयेत म्हणून

* बोअरवेल किंवा टँकरचे पाणी धातूंसाठी तपासूनच भरावे. लोह अधिक असल्यास ते आधी साठवण टाकीत क्लोरिनने निवळून व गाळून घ्यावे.
* सामू ७.२ ते ७.६, एकूण क्षारता ८० ते १२० आणि कॅल्शियमचे काठिण्य २०० ते ४०० मिलिग्रॅम प्रतिलिटर राखावे. आम्लधर्मी पाणी नळ्या आणि प्लास्टर दोन्ही खाते.
* मोरचुदाऐवजी नियमित क्लोरिन, घासणी आणि गाळणीची सफाई यांवर भर द्यावा.
* क्लोरिनच्या गोळ्या स्किमरमध्ये किंवा थेट तळावर टाकू नयेत. तरंगत्या डब्यात ठेवाव्यात.
* पाणी, रसायने व त्यांची प्रमाणे यांची नोंदवही ठेवावी. ठेकेदार बदलला तरी वही संकुलाकडेच राहावी.

वर उल्लेखिलेला तलाव एकदा रिकामा करून भरायचा तर १० हजार लिटरचे बारा-तेरा टँकर लागतात. ज्या शहरांत एप्रिल-मे महिन्यांत पिण्याच्या पाण्यात कपात होते, तेथे हा खर्च केवळ संकुलाच्या हिशेबवहीतला राहत नाही. पाण्याच्या दोन नमुन्यांची चाचणी आणि क जीवनसत्त्वाची एक गोळी त्यातील बराचसा भाग वाचवू शकते. म्हणून ठेकेदाराने ॲसिडचा कॅन उघडण्यापूर्वी व्यवस्थापन समितीने त्याच्याकडे पाण्याच्या चाचणीचा अहवाल मागावा.