विसाव्याची मागणी

निफाड तालुक्यांतील विंचूर हें गांव इतिहासाच्या वाचकांस विठ्ठल शिवदेव विंचूरकर यांच्या जहागिरीमुळें परिचित आहे. जेथें एके काळीं सरदाराची चाकरी चाले, तेथें आतां औद्योगिक विकास महामंडळाचें वाईन पार्क असून कामगारांच्या पाळ्या भरतात. कामाच्या जागीं माणसाचें मन निर्भय व स्वस्थ राहावें, अशी चर्चा हल्लीं सर्वत्र ऐकूं येते, आणि ती परदेशांतून आलेली नवी टूम आहे असें पुष्कळांस वाटतें. हा समज खोडून काढण्यास आपल्याच प्रांतांतील एक जुना अर्ज पुरेसा आहे.

1881 च्या कारखाना कायद्यानें सात ते बारा वर्षांच्या मुलांचें काम नऊ तासांवर आणलें. प्रौढांच्या तासांविषयीं मात्र त्यानें अक्षरही काढलें नाहीं. अशा वेळीं, 1884 सालीं, 'दीनबंधु'चे संपादक नारायण मेघाजी लोखंडे यांनीं मुंबईच्या गिरणी कामगारांच्या सभा भरवून सुमारें 5,500 जणांच्या सह्यांचा अर्ज कारखाना कमिशनपुढें ठेवला. लोखंडे यांनीं स्वतः गिरणींत स्टोअरकीपरचें काम केलें होतें. कामगारांचें दुःख त्यांनीं जवळून पाहिलें होतें.

अर्जांतील मागण्या पांचच होत्या: रविवारीं सुट्टी, दुपारीं अर्ध्या तासाची विश्रांति, सकाळीं साडेसहा ते सूर्यास्त एवढेंच काम, पुढील महिन्याच्या पंधरा तारखेच्या आंत पगार, आणि अपघातानें जायबंदी झालेल्यास बरा होईपर्यंत पूर्ण वेतन. यांत पगारवाढीचें नांवही नाहीं, हें लक्षांत घेण्यासारखें आहे. पगार थकवून ठेवण्याची चाल तेव्हां गिरण्यांत होती. हातीं पैसा केव्हां येईल, हात तुटला तर घरच्यांचें काय होईल, आज घरीं कधीं परतूं, ह्या तीन धास्तींवरच या अर्जाचा रोख आहे. ज्यास आपण आज मानसिक सुरक्षितता म्हणतों, ती हीच होय.

10 जून 1890 रोजीं गिरणीमालकांनीं रविवारची सुट्टी मान्य केली. 1891 च्या कायद्यानें साप्ताहिक सुट्टीस आधार मिळाला व स्त्रियांचें काम अकरा तासांवर आलें. सुट्टी ही मालकाची कृपा न राहतां कामगाराचा हक्क झाली. पुढें 2013 मध्यें स्त्रियांच्या लैंगिक छळाविरुद्ध कायदा झाला, आणि 2019 मध्यें जागतिक आरोग्य संघटनेनें कामाच्या अनावर ताणानें येणाऱ्या थकव्याची आपल्या रोगवर्गीकरणांत नोंद केली. तो रोग नव्हे, कामाशीं निगडित अवस्था होय, असेंही तिनें स्पष्ट केलें.

परंतु कारखान्याचे कायदे फाटकापाशीं थांबत आले. द्राक्षांचा रस काढणाऱ्या कामगारास मिळालेली मर्यादा ती द्राक्षें खुडणाऱ्या मजुरणीस मिळाली नाहीं. तिच्या छळाची तक्रार घेण्यास जिल्ह्याची स्थानिक समिति 2013 च्या कायद्यानें नेमली आहे; पण शेतावरून तिथपर्यंतची वाट तिला कोणी दाखवावयाची? लोखंडे यांनीं निरक्षर कामगारांच्या वतीनें अर्ज लिहिला. ह्या मजुरणींचा अर्ज लिहिण्याचें काम आज सुशिक्षितांवर येऊन पडलें आहे.